वडिलांची बायपास, आईचा अभिषेक आणि देव न मानणारा मुलगा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. वय ३१, गाव तासगाव तालुक्यात, घरची द्राक्षबाग, नोकरी पुण्यात. वडील माळकरी, दरवर्षी वारीला जाणारे. दोन आठवड्यांनी मिरजेत त्यांची बायपास आहे. आईचं म्हणणं, ऑपरेशनच्या आधी तासगावच्या गणपतीला अभिषेक झाला पाहिजे आणि तो थोरल्या मुलाच्याच हातून. तुम्ही देव मानत नाही, म्हणून सरळ नाही म्हणालात. चार दिवस झाले, आईनं बोलणं टाकलंय. शेवटी तुम्ही लिहिलंय, की देव नाहीच असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही हे मला मान्य आहे, पण म्हणून न पटणारी गोष्ट करायची का? घरच्यांचा मान राहील आणि आपण खोटे पडणार नाही, असं काही असतं का?

मी भूलतज्ज्ञ आहे. सांगली-मिरजेच्या ऑपरेशन थिएटरांत २७ वर्षं काढलीत. देव मीही मानत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर अर्ध्यात कळल्यावर तुम्हाला वाटेल बाई आपल्यापासून लपवून बोलत होती. माझे मिस्टर मात्र गुरुवारी जमेल तेव्हा दत्ताचं औदुंबर गाठतात. संसार टिकलाय. म्हणजे या विषयातला माझा अनुभव जेवढा थिएटरातला, तेवढाच स्वयंपाकघरातला.

पहिल्यांदा मीच एक विचारते. वडिलांना काय हवंय, हे कुणी विचारलं का? तुमच्या लिहिण्यात आई आहे, तुम्ही आहात, गणपती आहे. ज्यांची छाती उघडायची आहे तो माणूस कुठं बोलतच नाही. माझ्या पाहण्यातले माळकरी अभिषेकाच्या फार मागे लागत नाहीत. हरिपाठ चुकू नये, एवढीच त्यांची ओढ असते. तुमचे वडील कदाचित म्हणतील, मला काही नको. कदाचित म्हणतील, तुझ्या आईचं ऐक बाबा. उत्तर कुठलंही येवो, विचारल्यावर तुम्ही आणि आई एकमेकांसमोर उभे राहण्याऐवजी दोघं त्यांच्या बाजूला येता. आजच विचारा.

आता आईकडे येऊ. थिएटरच्या बाहेरच्या बाकड्यावर मी सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे, ‘काही राहून जायला नको.’ तुमच्या घरात अँजिओग्राफी कुणी करून आणली, पैशाची जुळवाजुळव कुणी केली, रक्त द्यायला पोरं कुणी गोळा केली? तुम्ही आणि चुलत्यांनी केली असणार. त्या माउलीच्या हातात काय उरलं? चाळीस वर्षं ज्याच्या पथ्यपाण्याचं तिनं बघितलं, त्याला आता अनोळखी लोक आत नेणार आणि दाराबाहेर तिला बसवून ठेवणार. अभिषेक तेवढा तिच्या ताब्यातला. तुम्ही ‘मी देव मानत नाही’ म्हणालात, तिला ऐकू आलं ‘बापासाठी मी एवढंही करणार नाही’. देवाच्या असण्या-नसण्याबद्दल तिनं तुम्हाला काही विचारलंच नव्हतं.

तुम्ही बागायतदाराच्या घरातले, म्हणून तुम्हाला हे पटकन कळेल. ऑक्टोबर छाटणी झाली की माणूस आभाळाकडं बघत झोपतो. डाऊनी या बुरशीरोगाचं औषध वेळेवर मारतो, तरी बांधावरच्या दगडाला शेंदूर असतोच. शेंदूर लावला म्हणून फवारणी चुकवली, असा बागायतदार मला अजून भेटलेला नाही. मी रुग्णाच्या घरच्या श्रद्धेकडे बघते ती याच नजरेनं. फवारणी चालू आहे ना? मग शेंदराशी माझं भांडण नाही.

‘नक्की माहीत नाही’ हे तुम्ही लिहिलंत ते मला आवडलं. पण त्यातून तुम्ही स्वतःच घाबरलात असं दिसतं, जणू माहीत नाही म्हटलं की समोरच्याचं सगळं मान्य करावं लागेल. तसं नसतं. माझा धंदाच अर्धवट माहितीवर चाललाय. १६ ऑक्टोबर १८४६ ला बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टननं ईथर देऊन सर्वांसमोर पहिली भूल दाखवली. तेव्हापासून आजपर्यंत भुलेचे वायू मेंदूत जाऊन शुद्ध नेमकी कशी घालवतात, याचं पूर्ण उत्तर कुणाकडे नाही. तुकडे तुकडे माहीत आहेत. तरी रोज सकाळी आठ वाजता मी भूल देते, कारण किती दिली की काय होतं आणि नाडी, दाब, ऑक्सिजन कसा सांभाळायचा, हे चांगलं माहीत आहे. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणायचं, जे माहीत आहे त्यावर हात थरथरू द्यायचा नाही. देवाबद्दल तुमची आई एका बाजूनं आणि तुम्ही दुसऱ्या बाजूनं अंदाजच बांधताय. बायपासच्या तारखेबद्दल मात्र अंदाज नाही, अँजिओग्राफी समोर आहे.

ऑपरेशनच्या आधी समोर बसलेली रुग्णाची बायको विचारते, ‘देवाच्या कृपेनं होईल ना सगळं नीट?’ मी ‘हो, देवाच्या कृपेनं’ म्हणत नाही, कारण ते माझं नाही. ‘देव-बीव काही नसतं’ असंही म्हणत नाही, कारण तिनं ते विचारलेलं नाही. मी म्हणते, ‘मी त्यांच्या डोक्याशी बसून असणार, शेवटपर्यंत उठणार नाही.’ हे शब्दशः खरं असतं. भूलतज्ज्ञाची जागा डोक्याशीच असते. आजवर एकाही बाईनं मला उलटून, पण देवाचं काय, असं विचारलेलं नाही. ‘तुम्हीच आमचे देव’ असं म्हणतात तेव्हा मात्र मी लगेच अडवते. डॉक्टरला देव केलं की ऑपरेशन बिघडल्यावर काचा फुटतात.

आता माझी एक चूक सांगते, कारण मान राखणं म्हणजे काय हे मी त्यातून शिकले. नवीन होते. जत तालुक्यातली एक म्हातारी, मनगटाला जत्रेतला लाल दोरा, कधीचा बांधलेला कोण जाणे, मळून काळा झालेला. मनगटाच्या नाडीत मला सुई घालायची होती. बाई टेबलावर आडवी झालेली, अर्धी गुंगीत. मी कात्री घेतली आणि दोरा कापून बादलीत टाकला. विचारलं नाही. ऑपरेशन उत्तम झालं. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिल्यांदा जखम चाचपली नाही, मनगट चाचपलं. ‘बाई, माझा दोरा?’ मी काय सांगणार? तिनं तक्रार केली नाही, रागावली नाही. फक्त घरी जाईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. दोरा काढणं बरोबरच होतं, तसल्या दोऱ्याखालून सुई घालता येत नाही. पण ते मनगट तिचं होतं आणि ती बोलू शकत होती तोवर मी तिला एक वाक्य विचारायला हवं होतं.

तेव्हापासून दोरा असो, ताईत असो, मिरासाहेबांच्या दर्ग्यातला गंडा असो (तो बांधणाऱ्यांत हिंदूही भरपूर, मिरजेत त्याचं कुणाला नवल नाही), मी आदल्या दिवशी सांगते की हा का काढावा लागेल, आणि विचारते की तुम्ही काढता की मी काढू. बहुतेक जण स्वतः काढतात.

दुसरा प्रसंग उलटा. रुग्णाला बजावून सांगितलं होतं, रात्रीपासून काही खायचं नाही. सकाळी टेबलावर घेण्याआधी सहज विचारलं, तर आजीनं पहाटे तोंडात पेढा घातलेला. ‘खाल्लं कुठं, प्रसाद होता की.’ ऑपरेशन पुढं ढकललं. पोटात अन्न असताना भूल दिली तर ते उलटून फुप्फुसात जाऊ शकतं, माणूस दगावू शकतो. सर्जन आजीवर भडकले. मला मात्र वाटलं, आजीनं नियम मोडलाच नव्हता. तिच्या भाषेत प्रसाद म्हणजे खाणं नव्हेच, आणि आम्ही आमच्या भाषेत बोलून मोकळे झालो होतो. आता माझी यादी ठरलेली आहे: चहा नाही, बिस्कीट नाही, तीर्थ नाही, प्रसाद नाही, अंगारा कपाळाला चालेल, जिभेवर नाही. प्रसाद उशाशी ठेवा, तोंडानं खायची परवानगी मिळाली की पहिला घास त्याचाच. तुमच्या आईलाही हे असंच सांगा. एकादशी मध्ये येत असेल तर साबुदाण्याची खिचडी उपवासाची असली तरी पोटाला ती जेवणच आहे, आणि निर्जळी उपास तर या पंधरवड्यात नकोच. हलकं जेवण सहा तास आधी, तेलकट-तुपकट आठ तास आधी बंद, आणि साधं पाणी साधारण दोन तास आधीपर्यंत चालतं. वडिलांना शुगर वगैरे असेल तर हे बदलतं, तिथले भूलतज्ज्ञ सांगतील तेच धरा.

तर मग अभिषेक. इथं मी एक फरक करते आणि घरी तोच पाळते. कुणी मला सोबत मागतं, कुणी माझी साक्ष मागतं. सोबत मी जवळजवळ नेहमी देते. साक्ष देत नाही. भाद्रपदात तासगावचा रथ निघतो, तेव्हा लहानपणी तुम्ही दोर ओढला असेलच. तिथं हात लावणाऱ्याला कुणी विचारत नाही, तुझा देवावर विश्वास किती. दोर ओढणं ही सोबत. संकल्प सोडताना मात्र तुमचं नाव-गोत्र घेऊन तुमच्या वतीनं मागणं मागितलं जातं, ती साक्ष. काहींना तिचं ओझं वाटतं, काहींना संस्कृतातलं काही कळतही नाही आणि वाटतही नाही. तुम्हाला वाटतं, हे तुमच्या लिहिण्यावरून दिसतंय. मग यजमान म्हणून चुलते, बहीण किंवा खुद्द आई बसू दे. गाडी तुम्ही काढा, दूध तुम्ही आणा, आईच्या शेजारी तास-दीड तास बसा, मोबाइल खिशात ठेवून. आईला आधी स्पष्ट सांगा: ‘मी म्हणणार काही नाही, पण उठून जाणार नाही.’

दसऱ्याला आमच्या थिएटरात मशिनांची पूजा होते. झेंडूची माळ भुलेच्या मशिनलाही. मी कुंकू लावत नाही, वॉर्डबॉय मामांना आणि सिस्टरांना ते ठाऊक आहे. पण सकाळीच मशिनच्या नळ्या, झडपा बघून माळ कुठं घालायची ते मीच सांगते, आणि पेढे वाटायला पुढं असते. पहिल्या वर्षी मी त्या वेळी मुद्दाम चहाला निघून गेले होते. आमचे जुने मामा नंतर म्हणाले, ‘मॅडम, देवाला नव्हं, आम्हाला तरी भेटायचं होतं.’ पुढच्या वर्षीपासून गेले नाही.

हे सगळं कशावर अवलंबून आहे तेही सांगते. तुमचं मत आईला आधीपासून माहीत असेल आणि तरी ती हक्कानं मागत असेल, तर एखादा मुलगा यजमान म्हणूनही बसेल आणि मी त्याला खोटा म्हणणार नाही. दोघांनाही काय चाललंय ते ठाऊक असतं. पण आजवर लपवून ठेवलं असेल आणि आता बसून आई समजणार असेल की पोरगा मार्गाला लागला, तर ते बसणं तुम्हाला पुढं जड जाईल. आणि एक कडू गोष्ट. ऑपरेशनात धोका असतो. काही कमी-जास्त झालं आणि अभिषेक झालेलाच नसला, तर घरात बोट तुमच्याकडे येईल. ते बरोबर नाही, पण तसं होताना मी पाहिलंय. घाबरून मत बदला असं मी म्हणत नाही, हिशेबात धरा एवढंच.

माझी सोबत कुठं संपते? अभिषेकासाठी मुहूर्त चांगला नाही म्हणून ऑपरेशन पुढं ढकला, असं कुणी म्हणालं तर. गोळ्या बंद करून अमक्याचा काढा घ्या म्हणालं तर. अंगात येऊन कुणी ब्लॉकेज काढून देतो म्हणालं तर. तिथं मी मोठ्यानं बोलते. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे तो अशा माणसांसाठी, तुमच्या आईच्या हळदीकुंकवासाठी नव्हे. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी (तेही मिरजेच्याच मेडिकल कॉलेजात शिकलेले) तो व्हावा म्हणून आयुष्यातली वर्षं घातली, आणि विरोध देवा-धर्माला नाही, त्याच्या नावानं चालणाऱ्या शोषणाला आहे, हे ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या. म्हणून, नास्तिकांनीच तेवढं नम्र व्हावं, असा कुणी मला उपदेश केला की माझं डोकं फिरतं.

तुमच्या घरच्यांनीही तुमचं काही राखायला हवंच. ‘वेळ आली की भलेभले हात जोडतात’ हे वाक्य त्यांनी तुम्हाला ऐकवू नये. बाप आत असताना मुलाला हरवण्याची संधी कुणी साधू नये. तुम्हीही ‘नळ्या बंद झाल्या तेव्हा देव कुठं होता’ असलं काही बोलू नका. मी एकाला आमच्या कॉरिडॉरमध्ये हे आईला म्हणताना ऐकलंय. बाई काही बोलली नाही, पदर तोंडाला लावून जिन्यात जाऊन बसली. आपल्याकडं या भांडणाची परंपरा जुनी आहे. तुमच्या तालुक्यात ज्या टेंभू योजनेचं पाणी येतं, त्या कराडजवळच्या टेंभूचेच सुधारक आगरकर. जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली लोकांनी. १८८२ साली टिळकांबरोबर १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढलेला हा माणूस, पुढं दोघांचं फाटलं ते फाटलंच.

पण दुसरीही परंपरा आहे. फुल्यांचं मूळ घराणं खटाव तालुक्यातल्या कटगुणचं. ते नास्तिक नव्हते, निर्मिक म्हणजे जग निर्माण करणारा मानत. मधला दलाल तेवढा मानत नसत. त्यांच्या मागे १८९१ मध्ये छापल्या गेलेल्या सार्वजनिक सत्यधर्म पुस्तकात एका घराचं चित्र आहे: बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि कुणी कुणाचा हेवा करत नाही. आणि लांब कशाला, सांगलीत जैन शेजार कुणाला नाही? जग निर्माण करणारा ईश्वर त्यांचं दर्शन मानत नाही. आमचे एक जैन सर्जन चातुर्मासात सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत. त्यांना नास्तिक म्हणायचं धाडस कर म्हणावं कुणी! आस्तिक आणि नास्तिक असे दोनच कप्पे करून तुम्ही घरातल्यांना त्यात बसवताय, ते जरा सैल करा.

शेवटचं, आणि माझ्या मते तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचं. वडिलांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. बायपासच्या आधी मानेतल्या शिरेत नळी घालावी लागते आणि छातीचं हाड मधोमध कापावं लागतं. माळ गळ्यात राहू शकणार नाही. मनगटाला गुंडाळू म्हणाल तर तिथं नाडीत सुई असते. पायाला बांधणं वारकऱ्याला चालणार नाही, शिवाय पायाची शीर काढायची असते. ऐन वेळी ट्रॉलीवर कुणी ‘माळ काढा हो’ म्हणालं, तर तुमच्या वडिलांना भुलेपेक्षा त्याचाच धक्का बसेल. म्हणून भुलेच्या डॉक्टरांकडे फिटनेसला, म्हणजे ऑपरेशनआधीच्या तपासणीला, जाल तेव्हाच हा विषय तुम्ही काढा. वडिलांना सांगा, हवं तर ज्यांच्याकडून माळ घातली त्या महाराजांना फोन लावून द्या. मी पाहिलेल्या बहुतेकांना महाराजांनी एका वाक्यात मोकळं केलंय. मग ऑपरेशनच्या सकाळी त्यांनी ती स्वतःच्या हातानं उतरवावी आणि तुमच्या हातात द्यावी. आईच्या नव्हे, तुमच्या. तुम्ही मागून घ्या.

चार-पाच तास लागतील, जास्तही लागू शकतात. तेवढा वेळ माळ तुमच्याकडेच राहू दे. आयसीयूत शुद्धीवर आले की श्वासाची नळी काही काळ तोंडात असते, बोलता येत नाही, ते खुणेनं गळा दाखवतील. तेव्हा माळ समोर धरून दाखवा, म्हणजे ते हातानं ओढाओढ करणार नाहीत. गळ्यात कधी घालायची ते मानेतली नळी निघाल्यावर सिस्टर सांगतील. ठेवायला सुती कापडाची छोटी पिशवी शिवून घ्या. आईला सांगा, ती आज रात्रीच शिवून देईल. आणि फिटनेसला जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या, नुसती चिठ्ठी नको.